मातीचा ठोकळा ते पातळ काप: उत्खननातली माती सूक्ष्मदर्शकाखाली कशी वाचावी

उत्खननाच्या भिंतीतून मातीचा अखंड ठोकळा काढायचा, तो रेझीनने घट्ट करायचा, त्याचा 30 मायक्रॉन (0.03 मिलिमीटर) जाडीचा काप काचेवर बसवायचा आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा. मायक्रोमॉर्फॉलॉजी एवढ्या एका वाक्यात सांगून होते, म्हणून ती सोपी वाटते. स्लाइड हातात येते तोवर बऱ्याच चुका आधीच झालेल्या असतात, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली दुरुस्त होत नाहीत.

घोळ मुख्यतः दोन ठिकाणी होतो. ठोकळा कुठून काढायचा हे ठरवताना, आणि दिसलेल्या गोष्टीचं वर्णन करण्याआधीच तिला नाव देऊन टाकताना. रेझीन, करवत, घासणं ही कामं किचकट आहेत, पण हाताला वळण पडलं की जमतात. त्यामुळे खाली त्यांच्यावर कमी आणि या दोन जागांवर जास्त लिहिलं आहे.

टप्पा 1: आधी प्रश्न लिहा

"इथून एक घेऊन ठेवू, काहीतरी कळेल" या हिशेबाने काढलेले ठोकळे कपाटात पडून राहतात. ठोकळ्याला हात लावण्याआधी वहीत प्रश्न लिहा. प्रश्न असा हवा की त्याची निदान दोन उत्तरं संभवतात आणि त्या दोन उत्तरांत मातीची मांडणी वेगवेगळी दिसेल. उदाहरणार्थ:

- हा राखाडी पट्टा इथेच पेटलेल्या आगीचा, की दुसरीकडची राख आणून टाकल्याचा?
- ही टणक पट्टी मुद्दाम चोपून केलेली जमीन, की वापरात पायाखाली दबलेली माती?
- हा खड्डा एका दमात बुजवला, की उघडा राहून हळूहळू गाळाने भरला?
- या आवारात जनावरं बांधत होते का?

प्रश्नाखाली तीन ओळी लिहायची सवय लावून घ्या. पहिलं उत्तर खरं असेल तर कापात काय दिसेल, दुसरं खरं असेल तर काय दिसेल, आणि दोन्हीतही दिसू शकेल असं काय. तिसरी ओळ सगळ्यांत उपयोगी. कोळशाचे तुकडे जागच्या आगीतही असतात आणि आणून टाकलेल्या राखेतही. त्यामुळे "कोळसा सापडला" हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होऊच शकत नाही, हे ठोकळा काढण्याआधीच कळलेलं बरं.

थराचं वय कापातून थेट कळत नाही. मात्र ज्या कोळशावर कालमापन करायचं आहे तो थरात मूळ जागी आहे की गांडुळाच्या बिळातून वरून खाली उतरला आहे, हे काप दाखवू शकतो. कालमापनाचे नमुने पाठवण्याआधी हे तपासून घेणारे थोडेच, आणि नंतर उलटसुलट आलेल्या तारखांचा अर्थ लावत बसणारे पुष्कळ.

टप्पा 2: जागा निवडा, आणि सीमारेषा सोडू नका

सर्रास दिसणारी चूक ही की ठोकळा थराच्या बरोबर मधोमध घेतला जातो. स्वच्छ, एकसारखी, "प्रातिनिधिक" माती म्हणून. पण एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथेच घटना नोंदलेली असते. सीमारेषा सुरीने कापल्यासारखी असेल तर मधे खरवडणं, झिजणं किंवा मुद्दाम साफ करणं घडलं असावं. ती हळूहळू विरघळत गेली असेल तर किडे-मुळांनी माती वरखाली केली असण्याची शक्यता मोठी. थराच्या मधोमध घेतलेल्या ठोकळ्यात यातलं काहीच नसतं.

म्हणून ठोकळा असा लावा की सीमारेषा त्याच्या मध्याच्या आसपास यावी आणि दोन्ही थर त्यात भरपूर यावेत. क्रम लांब असेल तर एकाखाली एक ठोकळे घ्या, आणि प्रत्येक दोन ठोकळ्यांत 1-2 सेंटीमीटरचा भाग सामाईक ठेवा. कडा कापताना थोडी माती जातेच, आणि नेमकी तिथे पट्टी असली तर ती गेली.

घराची जमीन वाचायची असेल तर एकच जागा पुरत नाही. तुर्कस्तानातल्या चाताल्होयुकसारख्या स्थळी गिलाव्याचे आणि जमिनींचे पातळ थर एकावर एक चढलेले आहेत. तिथे चुलीजवळचा, भिंतीलगतचा आणि खोलीच्या मध्यातला क्रम एकमेकांशी जुळेलच असं नाही. एकाच जमिनीवरचे तीन ठोकळे हे तीन वेगवेगळ्या काळातल्या एकेका ठोकळ्यापेक्षा बरेचदा जास्त सांगतात.

तुलनेचे नमुने विसरू नका. निदान एक ठोकळा वस्तीबाहेरच्या, माणसाचा हात न लागलेल्या त्याच प्रकारच्या मातीतून घ्या. स्थानिक मातीत मुळातच चुन्याचे खडे किंवा लोहाचे डाग असतील आणि ते तुम्हाला ठाऊक नसेल, तर स्लाइडवर तेच माणसाची करामत म्हणून दिसायला लागतात.

> तपासा: निवडलेल्या प्रत्येक जागेसमोर टप्पा 1 मधला प्रश्न क्रमांक लिहिता येतो का? येत नसेल तर तो ठोकळा काढू नका. प्रश्नाला धरून घेतलेले सहा ठोकळे अंदाजाने घेतलेल्या तीसांपेक्षा लवकर तपासून होतात.

टप्पा 3: ठोकळा काढणं

लागणारं सामान थोडं आहे: धारदार सुरी, लहान करणी, कात्री, पुसणीचा मऊ कागद, रुंद चिकटपट्टी, न पुसला जाणारा मार्कर, फूटपट्टी, कॅमेरा. कुबिएना टिन, म्हणजे दोन्ही बाजूंना झाकण असलेली धातूची चौकट, मिळाली तर उत्तम. मऊ, बारीक मातीत ती सरळ रुतते. खडे किंवा खापरं असलेल्या मातीत मात्र ती ठोकू नका. एक खडा अडला की आतली सगळी मांडणी हलते.

1. उन्हात वाळून तडे गेलेला छेदाचा, म्हणजे उत्खननाच्या उभ्या भिंतीचा, दर्शनी भाग काही सेंटीमीटर मागे कापून ताजा पृष्ठभाग मिळवा. जुन्या पृष्ठभागावरचे तडे, क्षारांची बुरशीसारखी पुटं आणि किड्यांची ताजी बिळं हे सगळं उत्खनन सुरू झाल्यानंतरचं असतं.
2. जागेची चौकट सुरीच्या टोकाने आखा. साधारण 8 ते 12 सेंटीमीटर उंची, 5-6 रुंदी आणि 4-5 खोली हे सोयीचं माप. तुमच्या प्रयोगशाळेत स्लाइड कोणत्या मापाच्या बनतात ते आधी विचारून घ्या.
3. माती अजून भिंतीतच असताना फोटो काढा. फोटोत मोजपट्टी, ठोकळ्याचा क्रमांक आणि वरची दिशा दिसली पाहिजे. छेदाच्या आराखड्यावर ठोकळ्याची चौकट त्याच वेळी काढा, संध्याकाळी आठवून नको.
4. चारी बाजूंनी माती कोरत ठोकळा भिंतीतून खांबासारखा पुढे आणा. मागची बाजू अजून जोडलेली राहू द्या.
5. मऊ कागद दोन-तीन पदरांत गुंडाळा आणि त्यावरून चिकटपट्टी घट्ट ओढून लावा. माती भुसभुशीत किंवा खडेरी असेल तर कागदाच्या पदरावरून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या लावा. प्लास्टर थेट मातीला लागू देऊ नका. ते जिप्सम आहे, आणि कापात जिप्समचे स्फटिक दिसले की ते मातीतले की पट्टीतले हे ठरवणं अवघड होतं.
6. आताच, ठोकळा सुटण्याआधी, वर जाणारा बाण आणि क्रमांक किमान दोन बाजूंना लिहा.
7. मागून सुरी घालून ठोकळा सोडवा, मागची बाजू गुंडाळा आणि त्या बाजूलाही "मागे" असं लिहा.

> इशारा: बाणाशिवाय आलेला ठोकळा जवळपास निरुपयोगी. गाळ तळाशी जाड आणि वर बारीक होत बसला, की उलट, हाच कित्येकदा सगळा प्रश्न असतो. ठोकळा उलटा झाला तर उत्तरही उलटं.

टप्पा 4: सोबतचा सुटा नमुना आणि प्रवास

ठोकळ्याच्या शेजारून, प्रत्येक थरातून वेगळी, सुटी माती पिशवीत घ्या. फॉस्फेट, सेंद्रिय पदार्थ, आम्लता, वनस्पतींचे सिलिका कण म्हणजे फायटोलिथ, आणि इन्फ्रारेड तपासणी यासाठी ती लागते. पुढे "ही राखच आहे का?" असा प्रश्न अडला तर चिमूटभर सुटी माती काम सोपं करते. ठोकळा एकदा रेझीनमध्ये बुडाला की मग रासायनिक तपासणीला त्यातून साधं काही काढता येत नाही.

ठोकळे डब्यात उभे, बाण वर, स्पंजच्या आधाराने ठेवा. दमट माती बंद पिशवीत महिनोन्महिने राहिली तर बुरशी येते, किडे हलतात. लगेच काम होणार नसेल तर थंड जागी ठेवा, पण गोठवू नका. मातीतलं पाणी गोठून फुगलं की मांडणी फाटते.

टप्पा 5: वाळवणं आणि रेझीन

वाळूमिश्रित माती हवेवर किंवा साधारण 40 अंश सेल्सिअसच्या भट्टीत सावकाश वाळते. चिकणमाती आणि पाण्याखालची सेंद्रिय माती अशी वाळवली तर ती आकसते. मग कापात दिसणारे तडे प्राचीन की भट्टीतले हे सांगता येत नाही. अशा मातीतलं पाणी काढून त्याच्या जागी टप्प्याटप्प्याने ॲसिटोन भरतात. वेळ जातो, ॲसिटोनही बरंच लागतं, पण इथे जवळची वाट नाही. जिप्सम असण्याची शंका असेल तर उष्णता टाळाच, कारण तापल्यावर त्यातलं पाणी निघून जातं आणि स्फटिक बदलतो.

रेझीन बहुधा पॉलिएस्टर असतं. ते स्टायरीन किंवा ॲसिटोनने पातळ करून, हार्डनर घालून, निर्वात पेटीत ठोकळ्यात मुरवतात. प्रमाण तुमच्या रेझीनच्या माहितीपत्रकातून घ्या. दुसऱ्या प्रयोगशाळेचं प्रमाण उचलू नका, कारण प्रत्येक रेझीनची चिकटाई वेगळी. द्रव ठोकळ्याच्या खालच्या बाजूने हळूहळू वर चढू द्या. एकदम वरून ओतलं तर आतली हवा कोंडते आणि गाभा कोरडा राहतो. नंतर काही आठवडे थांबायचं. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवला तर रेझीन तापतं आणि तडकतं.

> इशारा: एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. प्रतिक्रिया स्फोटक होते. एक घटक रेझीनमध्ये पूर्ण मिसळल्यावरच दुसरा घाला. स्टायरीनची वाफही घातक, त्यामुळे हे सगळं धूरकपाटात, हातमोजे आणि चष्मा घालूनच.

टप्पा 6: कापणं, बसवणं, घासणं

घट्ट झालेला ठोकळा हिऱ्याच्या करवतीने उभा कापतात. एक पातळ चकती स्लाइडसाठी घेतात आणि उरलेला भाग जपून ठेवतात. बाण चकतीवर आणि उरलेल्या भागावर, दोन्हीकडे पुन्हा लिहा. दिशेची दुसरी मोठी चूक इथे होते. मातीत विरघळणारे क्षार असतील तर पाण्याऐवजी तेलाचं स्नेहक वापरा, नाहीतर करवतच पुरावा धुऊन नेते.

चकतीची एक बाजू सपाट करून इपॉक्सीने काचेवर चिकटवायची, मग दुसरी बाजू घासत 30 मायक्रॉनपर्यंत आणायची. जाडीची खूण क्वार्ट्झ देतो. क्रॉस ध्रुवित प्रकाशात, म्हणजे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवून, त्याचे कण राखाडी ते पांढरे दिसले की जाडी बरोबर. पिवळे किंवा त्यापुढचे रंग दिसले तर काप अजून जाड आहे. जाड कापात बारीक मातीचा गाळ गडद दिसतो, आणि तो "सेंद्रिय पदार्थाने भरलेला" म्हणून अहवालात जातो.

> तपासा: स्लाइडच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यात क्वार्ट्झचा रंग सारखाच आहे का? एका बाजूला पिवळा आणि दुसऱ्या बाजूला राखाडी असेल तर काप पाचरीसारखा घासला गेला आहे. दोन टोकांची तुलना करू नका.

टप्पा 7: सूक्ष्मदर्शकाआधी स्कॅनर

नवशिके स्लाइड मिळताच मोठं भिंग लावतात आणि एका कोळशाच्या तुकड्यात हरवून जातात. आधी स्लाइड साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा आणि मोठ्या कागदावर छापा. त्यावर पेन्सिलने सीमारेषा ओढा: रंग कुठे बदलतो, पोकळ्यांची दिशा कुठे बदलते, कणांचा आकार कुठे बदलतो. प्रत्येक पट्ट्याला फक्त क्रमांक द्या. मैदानावर एक थर म्हणून नोंदलेल्या मातीत इथे पाच-सहा पट्टे निघणं नेहमीचं आहे.

मग स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, आणि शेवटी ध्रुवित प्रकाशाचा. तिथेही कमी भिंगाकडून जास्त भिंगाकडे. प्रत्येक जागा साध्या ध्रुवित प्रकाशात, क्रॉस ध्रुवित प्रकाशात आणि तिरप्या परावर्तित प्रकाशात, अशी तिन्ही प्रकारे पाहा. निळ्या किंवा अतिनील प्रकाशाची सोय असेल तर हाड आणि विष्ठेसारख्या फॉस्फेटयुक्त गोष्टी त्यात बऱ्याचदा चमकून उठतात.

टप्पा 8: वर्णन करा, नाव देऊ नका

सगळ्यात जास्त अहवाल इथे बिघडतात. अशी नोंद पाहा:

"पट्टा 3: चुलीतली राख, वर तुडवलेली जमीन."

यात एकही निरीक्षण नाही. दुसऱ्या कुणाला हे पटलं नाही तर त्याला स्लाइड मागवण्यावाचून मार्ग नाही. आता हीच जागा अशी लिहून पाहा (कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक):

"पट्टा 3: जाडी 6 ते 9 मि.मी. साध्या प्रकाशात राखाडी, क्रॉस प्रकाशात बारीक कॅल्साइटची उजळ चमक. शंकरपाळ्याच्या आकाराचे 10 ते 30 मायक्रॉनचे कॅल्साइट कण विपुल, काही साखळीत जुळलेले. कोळसा सुमारे 5 टक्के, धारदार कडा, पेशींची रचना स्पष्ट. खालची सीमा तीक्ष्ण, वरची अनियमित. वरच्या 2 मि.मी.त आडव्या चिरा, एक हाडाचा तुकडा जागीच मोडलेला, तुकडे एकमेकांना जुळणारे."

हे वाचणारा स्वतः निष्कर्ष काढू शकतो आणि तुमच्याशी भांडूही शकतो. प्रत्येक पट्ट्यासाठी पुढच्या गोष्टी याच क्रमाने लिहा: माती कशी बांधली गेली आहे आणि पोकळ्या कशा आहेत, जाड कण आणि बारीक माती यांचं प्रमाण, जाड कण कशाचे, किती मोठे, धारदार की गोलावलेले, आणि त्यांची दिशा, बारीक मातीचा रंग आणि क्रॉस प्रकाशातली चमक, शेवटी मातीत नंतर तयार झालेल्या गोष्टी, म्हणजे लेप, गाठी, भरलेली बिळं. टक्केवारी नजरेच्या अंदाजाने लिहू नका. तुलनेचे छापील तक्ते मिळतात, ते शेजारी ठेवून लिहा.

> इशारा: "चूल", "जमीन", "गोठा", "कचरा" हे शब्द या टप्प्यावर वहीत आले तर खोडा. ते टप्पा 10 मध्ये लागणार आहेत.

टप्पा 9: नंतर घडलेलं आधी बाजूला काढा

माती साठली आणि तशीच राहिली, असं क्वचितच होतं. मुळं शिरतात, गांडुळं माती खाऊन टाकतात, पाण्याबरोबर चिकणमाती खाली उतरून पोकळ्यांच्या भिंतींवर बसते, कॅल्साइट विरघळून दुसरीकडे साठतो, लोह-मँगनीज सरकतं. हे आवरण वजा केल्याशिवाय खालचा माणसाचा भाग वाचता येत नाही.

पद्धत एकच आहे: कोणी कोणाला कापलं आहे ते पाहा. समजा, एका पोकळीच्या भिंतीवर स्वच्छ, पापुद्र्यांची चिकणमाती बसली आहे. ती पोकळी एका बिळाने अर्धी कापली आहे. बिळात गोल विष्ठाकण भरले आहेत आणि त्या कणांमधल्या फटीत सुईसारखा कॅल्साइट आहे. क्रम झाला: पोकळी, चिकणमातीचा लेप, बीळ, विष्ठा, कॅल्साइट. हे पाच टप्पे थर साठल्यानंतरचे आहेत. बिळातल्या मातीत एखादा कोळशाचा कण असेल तर तो या थराचा धरू नका.

धुळकट, मळकट लेपांवरून जरा जास्तच बोललं जातं. जमीन उघडी पडली, नांगरली किंवा झाडं तोडली की असे लेप तयार होतात हे खरं, पण पाणी साचून माती फुटण्यासारख्या इतर कारणांनीही ते होतात. केवळ त्यावरून "इथे शेती होती" असं लिहिणं मला धाडसाचं वाटतं. सोबत परागकण, फायटोलिथ किंवा मैदानावरच्या नांगराच्या खुणा हव्यातच.

टप्पा 10: आता अर्थ लावा

टप्पा 1 मधल्या तीन ओळी समोर घ्या. वारंवार फसवणाऱ्या जोड्या खाली आहेत.

*राख की राखाडी गाळ?* लाकडाच्या राखेत कॅल्शियम ऑक्सलेटच्या स्फटिकांचा आकार टिकवून ठेवलेले कॅल्साइटचे कण असतात. ही तिची खरी ओळख, रंग नव्हे. गवताच्या राखेत मात्र कॅल्साइट कमी आणि फायटोलिथ जास्त. ते सिलिकाचे असल्याने क्रॉस प्रकाशात काळे पडतात, आणि साधा प्रकाश न लावणाऱ्याला दिसतच नाहीत. आम्लधर्मी मातीत राखेतला कॅल्साइट विरघळून जातो. त्यामुळे तो न दिसणं म्हणजे आग नव्हती असं नाही. नुसत्या रंगावर भरवसा ठेवला की काय होतं याचं उदाहरण म्हणजे चीनमधलं चौकोदियन हे आदिमानवाचं गुहास्थळ. तिथले थर बरीच वर्षं आगीचा पुरावा म्हणून सांगितले जात होते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म तपासणीत थर 10 मध्ये राख आढळली नाही आणि तिथले बारीक पापुद्रे पाण्यात बसलेल्या गाळाचे निघाले. जळलेली हाडं मात्र होती, त्यामुळे वाद पुढेही चालूच राहिला. याउलट दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत, तोंडापासून सुमारे 30 मीटर आत, साधारण 10 लाख वर्षांपूर्वीच्या थरात वनस्पतींची राख आणि जळलेली हाडं सापडली. हे संशोधन 2012 साली प्रसिद्ध झालं. नाजूक राख टिकलेली आणि हाडांच्या कडा धारदार, म्हणून ती वाऱ्या-पाण्याने वाहून आलेली नाहीत असा युक्तिवाद करता आला, आणि इन्फ्रारेड तपासणीने हाडं तापल्याचं वेगळं पडताळलं. नुसत्या कापावर तो दावा उभा नव्हता.

*जागची आग की टाकलेली राख?* जागच्या आगीत खाली तापलेली, बहुधा लालसर माती, त्यावर काळा पट्टा आणि वर राख असा क्रम मिळतो. काळा पट्टा म्हणजे इंधनच असं समजू नका. आगीखालच्या मूळ जमिनीतला पालापाचोळा तापूनही तो काळा होतो. टाकलेल्या राखेत हा क्रम मोडतो: राखेचे गोळे, लाल मातीचे तुकडे आणि कोळसा वाट्टेल त्या दिशेने मिसळलेले असतात.

*कोळसा की मँगनीज?* दोन्ही काळे आणि अपारदर्शक. कोळशाच्या कडा स्पष्ट असतात आणि बऱ्याचदा पेशी दिसतात. मँगनीजचा डाग कडेला मातीत विरत जातो किंवा फांद्यांसारखा पसरतो. तसंच काळं हाड जळलेलं असेल किंवा मँगनीजने रंगलेलं. शंका उरली तर इन्फ्रारेड किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची रासायनिक तपासणी करा. अंदाज लिहू नका.

*केलेली जमीन की तुडवलेली?* मुद्दाम घातलेल्या जमिनीची माती निवडलेली, एकजीव असते. तिच्यात गवताच्या काड्यांनी सोडलेल्या लांबट पोकळ्या आणि खाली तीक्ष्ण सीमा दिसते. तुडवलेल्या मातीत पातळ पापुद्रे, आडव्या चिरा, आडवे पडलेले कण, जागीच मोडलेली हाडं आणि बाहेरून पायांना लागून आलेले वेगळ्या मातीचे गोळे असतात. दोन्ही एकाच स्लाइडवर, खालीवर, असणं स्वाभाविक आहे.

*शेण आहे का?* गाय, शेळी, मेंढी यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या शेणा-लेंड्यांत 5 ते 20 मायक्रॉनचे गोल कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात. क्रॉस प्रकाशात त्यांवर काळी फुली दिसते, आणि स्लाइड फिरवली तरी ती जागची हलत नाही. हे कण आम्लधर्मी मातीत टिकत नाहीत. म्हणून ते न सापडल्यास आधी सुट्या नमुन्याची आम्लता पाहा, मग "गोठा नव्हता" म्हणा. आणि सापडले तरी थांबा: शेण इंधन म्हणून जाळलं जातं, भिंतींनाही लिंपलं जातं. जनावरं तिथेच उभी राहत होती असं म्हणायला शेणाचे दबलेले, सलग पापुद्रे आणि फॉस्फेटची वाढ एकत्र हवी.

> तपासा: प्रत्येक निष्कर्षासमोर त्याच्या विरोधात जाणारं एक तरी निरीक्षण लिहा. एकही सुचत नसेल तर स्लाइड पुन्हा पाहा.

टप्पा 11: अहवाल आणि जपणूक

अहवालात वर्णन आणि अर्थ वेगवेगळ्या भागांत ठेवा. एक स्लाइड काही सेंटीमीटरचीच असते. तिच्यावरून "या भागात" असं लिहिता येतं, "या वस्तीत" असं लिहायला मैदानावरचे छेद, सुटे नमुने आणि इतर ठोकळे सोबत लागतात. प्रत्येक फोटोखाली प्रकाशाचा प्रकार आणि चौकटीची खरी रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. "40 पट" लिहून काही कळत नाही, कारण छापताना फोटोचा आकार बदलतो.

पुढे रासायनिक तपासणी करायची असेल तर स्लाइडवर वरची काच कायमची चिकटवू नका. रेझीनमधला उरलेला अर्धा ठोकळा फेकू नका. त्यावर स्थळ, खड्डा, थर, ठोकळा क्रमांक आणि बाण कोरून लिहा, कारण कागदी चिठ्ठी रेझीनवरून काही वर्षांत सुटते. नवी स्लाइड लागली तर ती या उरलेल्या भागातूनच कापता येते.